तिसऱ्या खेपेची बाहुली

मी एक जुनी कापडी बाहुली आहे. शहापूर तालुक्यात आटगावच्या पुढे एक आरोग्य उपकेंद्र आहे. तिथल्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, लसीकरणाच्या जुन्या वह्यांखाली मी पडून असते. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर कदाचित बाहुली म्हणणारही नाही. मला डोळे नाहीत, केस नाहीत, अंगावर झबलं नाही. माझं कोणी लग्न लावलं नाही की भातुकलीत मला कोणी जेवू घातलं नाही. मला खेळण्यासाठी शिवलंच नव्हतं. मला परीक्षेसाठी शिवलं होतं.

माझं काम एकच होतं, जन्माला येणं. बूड फाटलेल्या टोपलीतून मी बाहेर यायचे. बहुतेक वेळा डोक्याकडून, कधी पायाकडून, आणि कधी मुद्दाम आडवी अडकून बसायचे. तुम्ही एकदाच जन्मलात. मी किती वेळा जन्मले ते मलाच आठवत नाही. आता फार थकवा आला आहे. अंगातल्या सावरीच्या कापसाच्या गुठळ्या झाल्या आहेत, कुशीचा टाका उसवला आहे. पण सांगण्यासारखं काही अजून शिल्लक आहे, म्हणून सांगते.

मला शिवलं बाईजाने. मुरबाड तालुक्यात धसईच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला तिचं गाव. बाईजा सुईण होती. आसपासच्या पाच वाड्यांमध्ये कुणाचे दिवस भरले की माणूस धावत यायचा तो तिच्याच अंगणात. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पोटावर हात ठेवला की बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे ते ती सांगायची. पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. तेव्हा तिने आपल्या सुनेला, सावळीला, नर्सबाईच्या कोर्सला ठाण्याला पाठवलं.

सावळी दहावी पास होती. त्या गावात तेवढं शिकलेली सून दुसरी नव्हती. तिचा नवरा कमळू धसईच्या भातगिरणीत कामाला होता. बायकोने दीड वर्ष ठाण्याच्या वसतिगृहात राहायचं, हे त्याला पटलेलं नव्हतं. बाईजाने त्याला एवढंच सांगितलं होतं, "माजी नजर चाललीय. माझ्यामागं या पाच वाड्यांचं कोन बघंल? तू बघशील?"

कोर्स पूर्ण झाला. पण कोर्स केला म्हणून कोणी नर्स होत नाही. शेवटची परीक्षा पास व्हावी लागते, मग नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरात नाव चढतं, नंबर मिळतो, आणि मगच नोकरी. सावळीचे लेखी पेपर पहिल्याच वेळी सुटले होते. ती अडली बाळंतपणाच्या तोंडी परीक्षेत. एकदा नापास झाली. सहा महिन्यांनी पुन्हा बसली, पुन्हा नापास झाली. तिसऱ्यांदा तसंच झालं तर कोर्स पहिल्यापासून करावा लागेल, असं तिच्या नर्सिंगच्या शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं.

दुसऱ्या निकालाचं पत्र आलं ते १९९४ साली, भाद्रपदात. कमळू गिरणीतून आला, पत्र पाहिलं आणि म्हणाला, "दोनदा झालं. आता पुरे कर."

सावळीने पत्राची घडी घातली. तिलाही पुरेच झालं होतं.

बाईजा म्हणाली, "तिसरी खेप बाकी हाय ना? मंग पुरे कसं?"

मग तिने सुनेला विचारलं, शाळेत शिकवतात कशावर. सावळीने सांगितलं, एक रबराची बाहुली होती, चाळीस पोरींमध्ये एकच. घरी सरावाला काहीच नाही. बाईजाने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावरून आपलं जुनं लुगडं काढलं.

अशी मी झाले. माझं अंग लुगड्याचं, आत सावरीचा कापूस. कापसाने वजन येईना, म्हणून बाईजाने पोटात भाताचे दाणे भरले. एक मूठ घालायची, मला दोन्ही हातांवर तोलायची, मान हलवायची, परत एक मूठ. वजनकाटा तिच्याजवळ नव्हता. तिचे हात "आता झालं" म्हणाले तेव्हा तिने टाका घातला. डोक्यावर तिने दोन जागा मऊ ठेवल्या, पुढे मोठी आणि मागे लहान. लुगड्याचा काठ वळून तिने माझी नाळ केली आणि गोधडीच्या तुकड्याची वार, बाळामागून पडते ती, शिवून तिला जोडली.

सावळीने मला हातात घेतलं, डोक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आत्या, ही पुढची टाळू आणि ही मागची. पुस्तकात आहे अगदी तशी."

सावळी सासूला आत्या म्हणायची.

"पुस्तकात असंल," बाईजा म्हणाली. "माझ्या बोटांत हाय."

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. सकाळी सावळी गवत कापायला जायची. त्या भागात दिवाळीच्या पुढेमागे गवताचा धंदा जोरात असतो. माळरानं कापायची, पेंढ्या बांधायच्या, वखारीपर्यंत पोचवायच्या. दुपारी ती परत यायची तेव्हा तिच्या हातांवर गवताच्या पात्यांनी बारीक चिरा पडलेल्या असायच्या. ती भाकरी खायची, हात धुवायची आणि ओटीवर माझ्यासमोर बसायची. समोर पाटावर बाईजा. बाईजा म्हणजे परीक्षेच्या बाई. प्रश्न सावळीनेच तिला तोंडी शिकवले होते, आणि त्या म्हातारीने ते सगळे पाठ केले होते.

"सांगा, बाळंतपणाच्या अवस्था किती?" बाईजा शहरी भाषेत विचारायचा प्रयत्न करायची.

"तीन."

"पहिली कधी संपते?"

सावळी उत्तर द्यायची. टोपली आडवी धरायची, मला आत घालायची, डोकं खाली वळवायची, मान मोकळी करायची, खांदा काढायची. बाईजाला उत्तरातलं सगळं कळायचं नाही, पण सावळीचा हात चुकला की तिला लगेच कळायचं. "मान वढू नको. थांब जरा. ती आपनहून फिरल." मग सावळी थांबायची, आणि टोपलीच्या आत माझी मान खरोखरच फिरायची.

कधी कधी सावळी उत्तर देता देता डोळे मिटायची. हातात मी, तोंडात अर्धं वाक्य, आणि मान खाली. बाईजा तिला थोडा वेळ तशीच झोपू द्यायची. मग गुडघ्यावर हलकेच थापटायची. "उठ गो सावळे. वार पडायची ऱ्हायलीय."

हे असं महिनाभर चाललं. सगळं ठीक होतं, एक जागा सोडून.

बाईजा विचारायची, "नाळेची काळजी कशी घ्याल?" सावळीचे हात काम करायचे. दोन ठिकाणी दोरा बांधायचा, मधे पातं लावायचं, सगळं बरोबर. पण तोंड उघडायचं नाही. बाईजा पुढचा प्रश्न विचारायची, "बाळ सातव्या दिवशी दूध वढत नाय. काय समजाल?" त्यालाही तसंच. सावळी नुसती माझ्याकडे बघत बसायची.

पहिल्यांदा बाईजाने ते सोडून दिलं. पोर दमलेली आहे, असं तिला वाटलं असेल. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तिने काही म्हटलं नाही. एका दुपारी मात्र तिने मला टोपलीतून काढून आपल्या मांडीवर घेतलं.

"ठान्यालाबी हितंच अडलीस?"

"हो."

"दोनी वेळा?"

"हो."

"याद होत नाय का?"

"येतं मला."

"येतं तर बोल."

"आत्या, ते तुमच्यासमोर बोलाय नको."

"ठान्याला मी कुठं व्हते?"

 सावळीने नजर जमिनीवर लावली. मग पुस्तकातल्या भाषेत, न थांबता, तिने ते सांगून टाकलं. नाळ कापायला अस्वच्छ हत्यार वापरलं, किंवा नाळेवर राख, हळद, शेण लावलं, तर त्यातून धनुर्वाताचे जंतू बाळाच्या अंगात शिरतात. पहिले काही दिवस बाळ चांगलं असतं. सातव्या दिवसाच्या सुमारास ते दूध ओढायचं बंद करतं. जबडा घट्ट होतो. आवाजाने, उजेडाने झटके येतात. अंग धनुष्यासारखं वाकतं.

मित्रांनो, हे बाईजाला ऐकवणं इतकं जड का होतं ते तुम्हाला सांगायला हवं. या गोष्टीच्या चार वर्षं आधी, सावळी कोर्सला जाण्यापूर्वी, तिला पहिला मुलगा झाला होता. बाळंतपण बाईजानेच केलं होतं. नाळ भात कापायच्या विळ्याने कापली होती आणि वर चुलीतली राख लावली होती, जशी ती सगळ्यांना लावायची, जशी तिच्या आईने तिला शिकवली होती. बाळ चांगलं रडलं होतं, चांगलं प्यायलं होतं. सातव्या दिवशी त्याने तोंड मिटलं ते उघडलंच नाही. नवव्या दिवशी ते गेलं. बारशाआधीच गेल्याने त्याला नावही नव्हतं. सटवाईने नेलं, असं सगळे म्हणाले. बाईजाही तसंच म्हणाली होती आणि सावळीला जवळ घेऊन रडली होती.

 मला बाईजाचा अंगठा माझ्या नाळेवर जाणवत होता.

"विळा मी धुतला व्हता," ती म्हणाली.

"पाण्याने जात नाय ते, आत्या. उकळावं लागतं."

"आन् राख?"

"राख पन."

"तुला कधी कळलं?"

"कोर्सच्या पहिल्या वर्षी. बाईंनी फळ्यावर लिहिलं. मी वहीत उतरवून घेतलं."

"म्हंजी दोन वर्सं झाली."

"हो."

"मला बोलली नायस."

"कसं बोलू?" सावळी म्हणाली. "तुमीच मला शिकाय पाठवलंत."

तिला दोन्ही वेळा ठाण्याच्या त्या खोलीत तो प्रश्न आला होता, आणि दोन्ही वेळा तिच्या डोळ्यांसमोर बाईजाचे हात आले होते. घरी जाऊन ज्या हातचं आपण जेवणार, ते हात. उत्तर द्यायचं म्हणजे त्यांचं नाव घेण्यासारखं तिला वाटायचं.

बाईजाने मला पाटावर ठेवलं आणि ती उठून गेली. गुरं परतली तरी ती घरात आली नव्हती. कमळू आला, त्याने विचारलं, "आई कुठंय?" सावळीने परसदाराकडे बोट दाखवलं. बाईजा गवताच्या गंजीला टेकून बसली होती. काय झालं ते त्याने विचारलं नाही. त्या दिवशी भात त्यानेच रांधला.

मला वाटलं, संपली आमची शाळा. सावळीलाही तसंच वाटलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी गवतावरून आल्यावर ती ओटीकडे फिरकलीच नाही. तेव्हा बाईजाने मला उचललं, टोपलीत घातलं आणि तिला हाक मारली.

"ये. बस. नाळेपासून बोल."

"नको आत्या."

"तू ठान्याला गप ऱ्हातेस ती माझ्यापायी. मंग माझ्याच म्होरं बोल. रोज बोल. जीभ सुटंस्तोवर बोल."

आणि सावळी रोज बोलली. पहिल्या दिवशी तिचा आवाज मधेच बसला. दुसऱ्या दिवशी ती रडली आणि बाईजा तोंड फिरवून बसली. पण प्रश्न थांबला नाही. गवत संपलं, वखारी भरल्या, शेतात वाल वर आले, आणि दर दुपारी ती म्हातारी त्याच पाटावर बसून तोच प्रश्न विचारत राहिली आणि आपल्याच हातांची गोष्ट आपल्या सुनेच्या तोंडून ऐकत राहिली. एकदा तिने मधेच विचारलं, "बारकूचा धाकला सातव्या दिशी गेला. तोबी तसाच?"

"मला माहीत नाय, आत्या."

"आन् वरच्या वाडीतली ती जुळी?"

"माहीत नाय."

सावळी खोटं बोलली नाही आणि हो असंही म्हणाली नाही. बाईजाने पुढे विचारलं नाही. पण त्या हिवाळ्यात ती कुणाच्या बाळंतपणाला गेली नाही. बोलवायला आलेल्यांना सांगायची, डोळे गेले, धसईच्या दवाखान्यात न्या.

फेब्रुवारी आला. परीक्षा आठवड्यावर होती. शनिवारी सकाळी वरच्या वाडीतला जैतू अंगणात येऊन उभा राहिला. त्याची बायको पहाटेपासून अडली होती.

"दवाखान्यात ने," बाईजा म्हणाली.

"गाडी मिळंना. बैलगाडीत घातली तर वाटंतच हुईल, काकी. तू चल."

"मी येत नाय."

ती भिंतीला पाठ लावून बसली होती, दोन्ही हात पदराखाली. सावळीने आत जाऊन आपली पिशवी काढली. तिच्यात नवं पातं होतं, दोरा होता, साबण होता. ती बाहेर आली आणि सासूसमोर उभी राहिली.

"आत्या, मला एकटीला नाय जमणार. हात धुवा नि चला."

बाईजाने हात धुतले. मी ओटीवरून पाहत होते. कोपरापर्यंत साबण लावून ती धूत राहिली, पाणी ओतून घेतलं, पुन्हा साबण लावला. जैतू घाई करत होता. ती धुतच होती. शेवटी सावळीनेच तांब्या खाली ठेवला आणि तिचा दंड धरून तिला उठवलं.

दिवस मावळायच्या आत दोघी परत आल्या. मुलगी झाली होती. बाळाचं तोंड वर होतं, असं त्यांच्या बोलण्यातून मला कळलं. ते बाईजाच्या बोटांना कळलं होतं. बाळ फिरायला वेळ द्यायचा, आईला कुशीवर वळवायचं, ते तिनेच सांगितलं. पातं आणि दोरा सावळीने उकळला. नाळेवर काही लावलं नाही. पण जैतूच्या बायकोने धनुर्वाताचं एकही इंजेक्शन घेतलेलं नव्हतं, ती दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला गेली होती, तिथे ते चुकलं. म्हणजे सगळं नीट करूनही भीती उरलीच होती.

मग बाईजाचं एक नवं काम सुरू झालं. ती रोज सकाळी काठी घेऊन वरच्या वाडीला जायची आणि बाळाजवळ बसायची. जैतूच्या आईने दोनदा हळद आणली. दोन्ही वेळा बाईजाने तिचा हात धरला. बाळ दूध प्यायलेलं डोळ्यांनी नीट दिसत नसे, म्हणून ती कान जवळ नेऊन ऐकायची. परत आली की सावळीला सांगायची, "वढतंय." दुसरा दिवस, तिसरा, चौथा. "वढतंय." 

परीक्षा सहाव्या दिवशी होती. सावळीने मला कापडी पिशवीत घातलं. पहाटेची एसटी, मुरबाड, कल्याण, ठाणे. खोलीबाहेर बाकावर मुली ओळीने बसल्या होत्या. सावळीने वाट पाहता पाहता मला बाहेर काढलं आणि मांडीवर ठेवून टाळूवरून बोट फिरवलं. शेजारची एक मुलगी हसली. सावळीचं तिकडे लक्षही नव्हतं. नाव पुकारल्यावर शिपायाने पिशवी दाराशी ठेवायला लावली, म्हणून मी दारातून सगळं ऐकलं.

परीक्षेच्या बाई बाहेरगावाहून आल्या होत्या. सकाळपासून विचारून विचारून त्यांचाही आवाज बसला होता. त्यांनी अवस्था विचारल्या, रक्तस्राव विचारला, रबराच्या बाहुलीवर खांदा काढून दाखवायला सांगितला. मग कागदावरून नजर न उचलता त्या म्हणाल्या, "घरी झालेलं बाळ. सातव्या दिवशी दूध ओढत नाही. काय समजाल?"

 मी मोजत नव्हते, पण फार वेळ गेला. बाई म्हणाल्या, "येत नसेल तर सांगा, पुढे जाऊ."

"येतं," सावळी म्हणाली.

आणि ती बोलू लागली. ओटीवर बोलायची तसंच, त्याच क्रमाने. हत्यार, राख, जंतू, जबडा, झटके. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ. आईला गरोदरपणात दोन इंजेक्शनं. असं बाळ दिसलं तर अंधाऱ्या, शांत जागेत ठेवून ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पोचवायचं. एवढ्यावर उत्तर संपलं होतं, पण ती थांबली नाही. म्हणाली, "आणि ज्या सुईणीने केलं असंल तिला दोष देऊ नये. तिला शिकवावं. ती ऐकते."

बाईंचं लिहिणं थांबलं होतं. "हे पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या.

"नाय."

"पाहिलंय का तुम्ही असं बाळ?"

"माझंच होतं."

 बाईंनी पाण्याचा पेला सावळीकडे सरकवला आणि पुढचा प्रश्न विचारला.

संध्याकाळच्या एसटीने आम्ही धसईला उतरलो. पुढे पाऊलवाट. सावळीचे पाय ओढत होते. गावाच्या अलीकडे, वालाच्या शेताच्या बांधावर बाईजा काठी घेऊन बसली होती. इतक्या लांब ती एकटी कशी आली कुणास ठाऊक.

"बोललीस?" तिने विचारलं.

"बोलले. वढतंय का?"

"वढतंय."

मग दोघी तिथेच बसल्या. उठायचं त्राण कुणातच नव्हतं.

सातवा दिवस गेला, आठवा गेला, दहावा गेला. अकराव्या दिवशी बाईजा वरच्या वाडीहून आली, ओटीवर आडवी झाली आणि भरदुपारी अशी झोपली की कमळू दोनदा तिचा श्वास बघून गेला.

सावळी पास झाली. काही महिन्यांनी नोंदणीचा कागद आला. बाईजाला वाचता येत नव्हतं, म्हणून सावळीने तिचं बोट धरून नंबरावर ठेवलं. पुढल्या वर्षी सावळीला शहापूर तालुक्यातल्या याच उपकेंद्रात नोकरी मिळाली, कमळूने आसनगावला काम धरलं, आणि माझंही बिऱ्हाड इकडे आलं. त्याच वर्षी सावळीला मुलगी झाली, वैष्णवी, शहापूरच्या दवाखान्यात. बाईजा तिथे होती. पण बारा दिवस पुरे होईपर्यंत तिने नातीला हात लावला नाही. बाराव्या दिवशी बारसं झालं, सावळीने मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा कुठे तिने तिला जवळ घेतलं.

माझे चांगले दिवस त्यानंतरचे. उपकेंद्रात आसपासच्या पाड्यांमधल्या सुईणींना शिकवायचं ठरलं. वीसेक जणी आल्या, सगळ्या सावळीच्या आईच्या वयाच्या. ही कालची पोर आम्हाला काय शिकवणार, असं त्यांच्या बसण्यातच होतं. सावळी सांगत होती आणि त्या आपापसात बोलत होत्या. बाईजा त्या वेळी सुनेकडे राहायला आलेली होती आणि मागे भिंतीशी बसली होती. ती उठली, चाचपडत पुढे आली आणि तिने मला उचललं.

"मी चाळीस वर्सं ह्येच काम केलं," ती म्हणाली. "ह्यो माझा नातू समजा. ह्याची नाळ मी विळ्यानं कापली. वर राख लावली. नवव्या दिशी ह्यो गेला. आता ही काय सांगते ते ऐका."

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नव्हतं. एक बाई उठून बाहेर गेली. दुसरी, फार म्हातारी, खाली बघत म्हणाली, "मंग आमच्या हातानंबी गेली असतील गो."

"मला माहीत नाय," बाईजा म्हणाली. "मी माझं सांगितलं."

बाहेर गेलेली ती बाई थोड्या वेळाने परत आली आणि दारातच बसली. त्या दिवशी जाताना प्रत्येकीने पातं आणि दोरा मागून नेला.

बाईजा २००१ च्या उन्हाळ्यात गेली. त्यानंतरही काही वर्षं मी कामात होते. परीक्षेला बसणाऱ्या मुली रविवारी सावळीकडे यायच्या. कुणी मला घाबरून धरायची, कुणी जोरात ओढायची. सावळी म्हणायची, "मान वढू नको. थांब जरा." दामिनी नावाची एक मुलगी पास झाली तेव्हा तिने पेढ्याचा कण माझ्या तोंडाच्या जागी लावला होता. मुंग्या आल्या.

मग २००६ साली खोक्यातून एक प्लॅस्टिकची बाई आली, पोटात बाळ असलेली. ती फार छान आहे. तिच्या बाळाला डोळेसुद्धा आहेत. मला कपाटात ठेवलं गेलं. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, सुईणी घरी बसल्या, आणि हे चांगलंच झालं. एका पावसाळ्यात उंदराने माझी कूस फाडली, बाईजाने तोलून तोलून भरलेला भात सांडला. सावळीचेही केस पिकले आहेत. ती वही काढायला वाकते, कंबर धरून उठते, कपाट लावून घेते. मला पाहायला तिला वेळ होत नाही. तिचंही दमणं मला कळतं.

तर मित्रांनो, मला शिवून द्या असं मी म्हणत नाही. फेकून दिलंत तरी माझी तक्रार नाही, माझं काम झालेलं आहे. मागायचं आहे ते निराळंच. तुमच्या घरात कोणी परीक्षेला बसत असेल आणि दर वेळी एकाच जागी येऊन गप्प होत असेल, तर तिला मठ्ठ म्हणू नका, आळशी म्हणू नका, पुरे कर असंही म्हणू नका. पुस्तक मिटा आणि तिथे काय अडलं आहे ते विचारा. कदाचित ते तुमच्याबद्दलच असेल, आणि ऐकायला फार जड जाईल. तरी उठून जाऊ नका. गेलात तर दुसऱ्या दिवशी परत या, समोर बसा आणि म्हणा, बोल. बाईजा बसली होती.